लेमन सेट आणि कटिंगचा ग्लास

मराठी घरात काच आधी दिव्यावर चढली; ताटाशेजारी ती फार उशिरा आली. माझ्या आजीच्या पिढीला काच म्हटलं की कंदिलाची काच आठवायची. दिवेलागणीच्या आत ती आधी राखेने, मग कोरड्या फडक्याने आणि शेवटी तोंडाची वाफ देऊन लख्ख पुसायची. हे काम घरातल्या धाकट्याचं, कारण त्याचाच हात काचेच्या आत जायचा. काच फुटली की रात्रभर अंधार आणि दुसऱ्या दिवशी बोलणी, दोन्ही त्याच्याच वाट्याला.

ती काच पुष्कळदा इथलीच असे. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव हिंडून माणशी एक पैसा गोळा केला आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला. १९१६ साली ओगले बंधूंनी कराडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत आपला कारखाना काढला. त्याच्याभोवती वसलेली ओगलेवाडी आणि तिथला प्रभाकर कंदील घराघरांत माहीत झाले. म्हणजे स्वदेशी काचेचा उजेड महाराष्ट्राने बऱ्यापैकी लवकर पाहिला. पाणी मात्र पितळेच्या, तांब्याच्या भांड्यातून प्यायचं, ऐपत असेल तर चांदीच्या, आणि पुढे स्टीलच्या.

हे केवळ किमतीमुळे नव्हतं. काच सोवळ्यात चालत नसे. पितळेचं भांडं राखेने, चिंचेने घासलं की शुद्ध झालं. काचेला आणि चिनीमातीला बऱ्याच घरांत ही सवलत नव्हती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली आणि तेवढ्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली. त्याच टिळकांनी पुढे काच कारखाना काढणाऱ्या पैसा फंडाला पाठबळ दिलं, ही झाली गंमत. गंमत नसलेली बाजू अशी की कितीतरी घरांत काचेचा किंवा चिनीमातीचा पहिला कप आला तो 'बाहेरच्यां'साठी. परसदारच्या कोनाड्यात पालथा घातलेला, कान तुटलेला. ज्याने प्यायचं त्यानेच तो विसळून पुन्हा पालथा घालायचा. दलित आत्मकथनांत हा कप जागोजागी भेटतो. 'काय ती जुनी भांडी, काय ते दिवस' म्हणणारे आपण त्याला सोयीस्करपणे विसरतो. तो सगळीकडून गेला का, हे शहरात बसून छातीठोकपणे सांगू नये.

माझ्या लहानपणी, १९७० च्या दशकात, साताऱ्यातल्या आमच्या बिऱ्हाडात काचेला मानाची जागा मिळाली होती. इतकी मानाची की तिला कुणी हात लावायचं नाही. बाहेरच्या खोलीत सरकत्या काचांचं शोकेस होतं. त्यात शिंपल्यांचा गणपती, दिवा लागणारा ताजमहाल, डोळे मिटणारी बाहुली आणि मधल्या फळीवर लेमन सेट. एक उंच जग आणि सहा ग्लास. ग्लासांवर लाल-पिवळी फुलं आणि काठाला सोनेरी रेघ. हा सेट आईच्या लग्नात आहेरात आला होता, आणि त्या काळी असे सेट आहेरात यायचेच. काही घरांत दोन-दोन. दुसरा मग पुढच्या कुणाच्या तरी लग्नात, वरचा कागद बदलून, रवाना व्हायचा.

आता त्या सेटकडे थोडं कठोरपणे बघू. ग्लास उंच आणि बुडाशी निमुळते. आईचा हात आत जात नसे, म्हणून तळाशी सरबताची साखर चिकटून राही आणि ती काढायला बाटलीचा ब्रश लागे. भरलेला ग्लास डोकेजड होई. ट्रेमधून आणताना सहाच्या सहा डुलत. एकात एक बसत नसत, त्यामुळे अख्खी फळी अडवून बसत. सोनेरी रेघ घासणीने उडायची म्हणून ते हलक्या हाताने, साबण न लावता धुवायचे, म्हणजे खरं तर नीट धुवायचेच नाहीत. आणि सर्वांत वाईट म्हणजे तो सहाचा सेट. एक फुटला की उरलेले पाच पाहुण्यांपुढे ठेवता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. शोकेसमध्ये सेट वर्षानुवर्षं शाबूत राहिला कारण तो वापरला गेला नाही, आणि वापरला गेला नाही कारण तो वापरण्यासाठी घडवलेलाच नव्हता. दाखवण्यासाठी घडवला होता. ते काम त्याने चोख केलं, हे कबूल.

शोकेसची कुलपं उघडायची ती चैत्रात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वाटली डाळ आणि पन्हं. बायका येणार पन्नास-साठ, आणि पन्हं स्टीलच्या पेल्यातून द्यायचं तर त्याचा तो केशरी पिवळा रंग कुणाला दिसणार? मग वाड्यातून ग्लास गोळा व्हायचे. स्टीलच्या भांड्यावर नाव घातलेलं असायचं. काचेवर नाव कसं घालणार? त्यावर वाड्याने उपाय काढला होता. ग्लासाच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका. समोरच्या काकूंचा लाल, माडीवरच्या वहिनींचा गुलाबी, आमचा मरून. संध्याकाळी पाटावर बसून ग्लास पालथे करून ठिपक्यांप्रमाणे वाटणी करायची, हे आम्हा मुलांचं काम. एखादा फुटायचाच. 'इडापिडा टळली' असं कुणीतरी म्हणायचं, आणि आई कणकेचा गोळा घेऊन यायची. मोठे तुकडे हाताने उचलले तरी काचेची कुसळं फरशीवर राहतात. ती केरसुणीला दाद देत नाहीत. ओल्या कणकेचा गोळा दाबत दाबत फिरवला की सगळी त्यात रुतून येतात. मी आजही तेच करतो.

रोजच्या पाण्याला, ताकाला जे दोन-चार काचेचे पेले होते ते सेटमधले नव्हते. ते सुटे आणलेले. बोहारीण जुन्या कपड्यांवर स्टील द्यायची, काच नाही. काचेसाठी बोहऱ्याच्या दुकानात जावं लागे, आणि पुण्याला गेलो तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत. दुकानदार दोन ग्लास एकमेकांना हळूच लावून वाजवून दाखवायचा. खणखणीत वाजला तर अखंड, बद्द वाजला तर कुठेतरी तडा. हे पेले आखूड, सरळ, बुडाला जाड. बऱ्याच पेल्यांच्या बुडावर 'येरा' अशी ठसठशीत अक्षरं उमटलेली असत. बडोद्याच्या अलेंबिक ग्लासचा माल. कुणी त्यांचं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. हात आत जाई, ओट्यावर आडवा झाला तर लगेच फुटत नसे, फुटला तर तसाच दुसरा चार दिवसांत आणता येई. चांगल्या भांड्याकडून आणखी काय हवं असतं?

पण त्या काळातल्या सर्व काचेत मला सर्वांत अक्कलहुशारीचा वाटतो तो टपरीवरचा कटिंगचा ग्लास. तो कुणी घडवला त्याचं नाव कुठे नाही. फिरोजाबादच्या भट्ट्यांतून, जिथून बांगड्या येतात तिथून, तो गाड्या भरभरून येत आला. एकदा नीट हातात घेऊन बघा. वर किंचित रुंद, खाली निमुळता, म्हणून तारेच्या स्टँडच्या कड्यात अडकून बसतो आणि पोऱ्या सहा-आठ चहा एका हातात घेऊन गर्दीतून पळू शकतो. अंगावर उभे कंगोरे आहेत. बोटं फक्त कंगोऱ्यांच्या कडांना टेकतात, त्यामुळे चटका कमी बसतो आणि ओल्या हातातून ग्लास निसटत नाही. काठाजवळची पट्टी सपाट, म्हणजे ओठाला काही टोचत नाही. बूड जाड, म्हणून लाकडी फळीवर आपटला तरी चालतो. शिवाय त्या बुडामुळे अर्धा चहा जरा जास्त दिसतो. ही शेवटची गोष्ट योगायोग असेल असं मला वाटत नाही.

कंगोऱ्यांचा आणखी एक उपयोग आहे. साच्यात दाबून केलेली स्वस्त काच कधी निर्मळ नसते. तिच्यात बुडबुडे राहतात, लहरी उमटतात, साच्याच्या सांध्याची रेघ दिसते. सपाट ग्लासात हे दोष डोळ्यांत भरतात, कंगोऱ्यांत लपून जातात. फिनलंडमध्ये आयनो आल्टो या वास्तुविशारद बाईंनी १९३२ साली एका काच कारखान्याच्या स्पर्धेसाठी ग्लास आणि वाडगे काढले. त्यांवर पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारख्या आडव्या रिंगा आहेत. दिसायला सुरेख, पण त्या नुसत्या दिसण्यासाठी नाहीत: त्या स्वस्त दाबकाचेचे दोष झाकतात आणि भांड्याला मजबुतीही देतात. त्या ग्लासांना स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाला, आणि ते आजही बनतात. आयनोबाईंचा ग्लास संग्रहालयांत आहे. आपला टपरीवर, बादलीतल्या गढूळ पाण्यात बुचकळला जातो. अडचण सारखी होती आणि उत्तरही जवळपास सारखंच निघालं. आपल्याकडे ते काढणाऱ्याला कुणी नाव विचारलं नाही.

जाड काचेचा एक तोटा मात्र आमच्या आजीला पक्का ठाऊक होता. काचेच्या पेल्यात कढत चहा किंवा दूध ओतण्यापूर्वी ती आत स्टीलचा चमचा उभा करायची आणि धार चमच्यावर सोडायची. का, विचारलं तर 'नाहीतर तडकतो' एवढंच उत्तर. यामागचं कारण साधं आहे. काचेतून उष्णता सावकाश जाते. आतली बाजू तापून लगेच प्रसरण पावू पाहते, बाहेरची अजून थंडच असते. दोघींच्या ओढाताणीत पेला तडकतो. काच जितकी जाड तितकी ही ओढाताण जास्त. म्हणजे आपटण्याला जाड ग्लास बरा आणि कढत चहाला पातळ ग्लास बरा. आपण 'जाड म्हणजे मजबूत' म्हणून कढत दूध जाडजूड ग्लासात ओततो आणि तडकला की नशिबाला बोल लावतो. चमचा सुरुवातीची उष्णता स्वतः घेतो, तेवढा वेळ काचेला मिळतो. टपरीवाला ग्लास गरम पाण्यातून काढून मग चहा भरतो तेही याचसाठी. त्याला स्वच्छता समजू नये.

यावर प्रयोगशाळेने उत्तर दिलं. काचेत बोरॉनचं ऑक्साइड घातलं की ती साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते. जर्मनीत ओटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही बोरोसिलिकेट काच तयार केली, १९१५ साली अमेरिकेत कॉर्निंगने तिची स्वयंपाकाची भांडी 'पायरेक्स' नावाने बाजारात आणली, आणि त्याच कॉर्निंगच्या सहकार्याने १९६२ साली मुंबईत बोरोसिल सुरू झाली. आमची तिच्याशी ओळख शाळेतच झाली. चंचुपात्र, शंकुपात्र, परीक्षानळी, सगळ्यांवर ते नाव. फोडलं तर भरपाई, म्हणून त्याची दहशत. त्या नावाचा ग्लास घरात पाणी प्यायला येईल असं तेव्हा वाटलंही नसतं.

तो आला, आणि मला फार आवडतो. सरळ नळकांडं, पातळ, रंग नाही, फूल नाही, सोनेरी रेघ नाही. चोच नसलेलं चंचुपात्रच ते. ताक घातलं तर ताक दिसतं, सोलकढी घातली तर सोलकढीचा गुलाबी रंग दिसतो; ग्लास मध्ये येत नाही. वजनाला हलका, हात बुडापर्यंत जातो. जपानमध्येही हा भारतीय ग्लास आवडीने विकला जातो. बारीक ओरखडा किंवा बुडबुडा असला तरी ग्लास वापरायला हरकत नाही, हे गिऱ्हाइकाला पटावं म्हणून तिथल्या विक्रेत्यांनी 'नो प्रॉब्लेम' नावाचा उपक्रमच चालवला. जपानी गिऱ्हाइकाला हे समजावणं सोपं नसणार. तक्रार माझी एकच: यात कढत चहा घेतला तर ग्लास शाबूत राहतो, बोटं राहत नाहीत. चहाला अजूनही कंगोऱ्यांचा ग्लासच खरा.

कोकणात काचेची वाट वेगळीच होती. आखातात नोकरीला गेलेल्या माणसांच्या सामानातून फ्रेंच काच रत्नागिरीकडच्या घरांत उतरली, मधाच्या रंगाच्या बशा आणि जाडसर पैलूदार ग्लास. रत्नागिरीजवळ माझ्या मामीच्या शेजारी असे ग्लास होते, आणि 'हे पडले तरी फुटत नाहीत' हे दाखवायला ते खरोखर खाली टाकून दाखवत. असाच पैलूदार, फ्रान्सच्या ड्युरालेक्स कंपनीचा 'पिकार्दी' ग्लास १९५४ चा. न फुटण्याचं गुपित असं: काच तापवून तिच्यावर एकदम थंड हवेचा झोत मारायचा. बाहेरची बाजू आधी घट्ट होते, आतली मागाहून आक्रसते, आणि त्या कायमच्या ताणामुळे ग्लास चिवट होतो. तिथल्या शाळांच्या भोजनगृहांत मुलं ग्लासाच्या बुडावरचा आकडा वाचून 'तू किती वर्षांचा?' असं एकमेकांना विचारत. आकडा असतो साच्याचा. २०२४ साली ती कंपनी डबघाईला आली तेव्हा कामगारांनीच सहकारी संस्था करून ती चालवायला घेतली. एक सांगायला हवं: अशी काच फुटते तेव्हा तिचा एकदम खडीसारखा चुरा होतो, आणि जुना ओरखडा असेल तर कधी कुणी हात न लावताही. आमच्याकडे एकदा रात्री दोनला मांडणीत एक ग्लास असाच उडाला. घरात चोर शिरला म्हणून सगळे काठ्या घेऊन उठलो होतो.

ताटल्यांचं म्हणाल तर काच तिथे वेषांतर करून आली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्याकडे पांढऱ्या ओपल काचेच्या प्लेट बनू लागल्या, आणि अमेरिकेतल्या मुला-मुलींनी बॅगेत साड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून कोरेल आणलं. दोन्ही काचच, पण अजूनही अर्ध्या घरांत त्यांना 'चायना' म्हणतात. हलकी, पांढरी, डाग न धरणारी भांडी आहेत. तरी वरण-भाताला, कालवलेल्या ताक-भाताला उंच काठाचं स्टीलचं ताटच बरं असं माझं मत आहे. सपाट प्लेटमध्ये आमटीचा ओघळ कोशिंबिरीत जातो. मराठी जेवणाला ताटात वाटी लागते, आणि काचेची वाटी काचेच्या प्लेटवर सरकते. यावर कुणी डोकं चालवलेलं मला दिसलं नाही.

आता शोकेस गेलं. नव्या फ्लॅटमध्ये त्या जागी टीव्हीचं युनिट आहे आणि ग्लास ओट्याखालच्या ट्रॉलीत. हे मला पटतं. हाताशी आहेत म्हणून वापरले जातात. आताच्या मुली सोनेरी रेघेचा सेट बघून हसतात आणि साधे, एकात एक बसणारे ग्लास निवडतात, हेही उत्तम. पण सुटा ग्लास मिळेनासा झालाय. खोक्यात सहा, ऑनलाइन सहा. आणि एक फुटल्यावर सहा महिन्यांनी बघावं तर ते मॉडेलच बंद. लेमन सेटची तीच जुनी पंचाईत, फक्त फुलं गेली. बोहरी आळीतला दुकानदार निदान एक तसाच काढून द्यायचा. म्हणून घेताना एवढं बघा: नेहमी चालणारं साधं मॉडेल आहे का, हात बुडापर्यंत जातो का, ओल्या हातात निसटतो का. दुकानात पाणी मागा आणि भरून धरून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

आणि टपरीवरचं. करोनाच्या काळात कागदी कप आला तो तिथेच मुक्काम ठोकून बसला. त्याच्या आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, चहाला कागदाचा वास येतो, दोन बोटांत धरला की तो चेपतो आणि पिऊन झाल्यावर गटारात जातो. काचेचा ग्लास रोज शंभर वेळा धुतला जातो आणि कित्येक महिने टिकतो. तो चांगला धुतला जात नाही ही तक्रार खरी आहे, पण त्याला उपाय वाहतं पाणी आहे, कागद नाही. तेव्हा कटिंग सांगताना 'ग्लासात द्या' एवढं म्हणा. फळीखाली ग्लास असतात. मागितल्याशिवाय वर येत नाहीत.